खानदेशात बदली झाली, तर घर पेठेत घ्यावे की बाहेरच्या कॉलनीत?

जळगाव, धुळे, नंदुरबार किंवा भुसावळ येथे नोकरीनिमित्त प्रथमच येणाऱ्या कुटुंबाला घराविषयीचा पहिला सल्ला बहुधा नव्या कार्यालयातील सहकाऱ्यांकडून मिळतो. कोणी सांगतो की बाहेरच्या कॉलनीत पाहा, मोकळी हवा आहे. कोणी सांगतो की गावातच राहा, सगळे हाताशी आहे. दोन्ही सल्ले प्रामाणिक असतात, परंतु ते देणाऱ्याच्या संसाराला मानवलेले असतात, आणि तुमचा संसार त्याच्यासारखाच असेल असे नाही.

मुंबई-पुण्याकडून येणाऱ्यांनी अंतराची धास्ती आधी सोडून द्यावी. २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या ४ लाख ६० हजार, धुळ्याची पावणेचार लाख, भुसावळची १ लाख ८७ हजार आणि नंदुरबारची १ लाख ११ हजार होती. त्यानंतर वस्ती वाढली असली, तरी या गावांच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला दुचाकीवर जाण्यास फार तर अर्धा तास लागतो. म्हणून येथे शहर की उपनगर हा प्रश्न किलोमीटरांवर सुटत नाही. तो सुटतो पाण्यावर, वाटेत आडव्या येणाऱ्या रेल्वेमार्गावर किंवा महामार्गावर, आणि सर्वांत अधिक, घरात दिवसभर कोण राहणार आहे यावर.

आधी घरातल्या माणसांचा विचार

माझ्या मते घर कार्यालयात जाणाऱ्यासाठी निवडू नये. ते मागे घरात राहणाऱ्यासाठी निवडावे. नोकरी करणारा माणूस दहा मिनिटे अधिक गाडी चालवतो आणि महिन्याभरात त्याला सवय होते. परंतु ज्यांना वाहन चालवता येत नाही, अशा आईवडिलांना रक्तदाब तपासायला, देवळात किंवा भाजीला जाण्यासाठी प्रत्येक वेळी कोणाची तरी वाट पाहावी लागली, तर घर कितीही ऐसपैस असले तरी ते त्यांना कोंडवाड्यासारखे वाटू लागते. बाहेरच्या कॉलन्यांमध्ये शेअर रिक्षा मुख्य रस्त्यापर्यंतच मिळते, आणि तेथून घरापर्यंतचे अंतर उन्हात चालावे लागते. सोबत वृद्ध असतील, तर पेठेच्या जवळचे लहान घर बाहेरच्या मोठ्या घरापेक्षा बरे.

पतिपत्नी दोघेही नोकरी करणारे असतील, तर प्रश्न निराळा होतो. नळाला पाणी सकाळी अकरा वाजता आले, तर ते भरणार कोण? अशा कुटुंबाने स्वतंत्र घराच्या मोहात न पडता, जमिनीखालची टाकी आपोआप भरते आणि पंप चालू करायला माणूस आहे, अशी इमारत शोधावी, मग ती गावात असो वा बाहेर. लहान मुले असलेल्यांना मात्र कॉलनीचा खरा लाभ मिळतो. मंजूर अभिन्यासातील (लेआउटमधील) ओपन स्पेस, कमी रहदारीची गल्ली आणि समवयस्क मुलांचा घोळका या गोष्टी पेठेत आता फारशा उरलेल्या नाहीत. एकट्याने येणाऱ्याने खाणावळ आणि बसस्थानक यांच्या आसपासच राहावे. त्याला बाहेरच्या दोन खोल्यांच्या घराचे पहिल्या आठवड्यानंतर काय करावे हेच कळत नाही. शिवाय कुटुंबाशिवाय राहणाऱ्याला खोली देण्यास कॉलनीतील घरमालक बरेचदा नाखूश असतात.

कामाचे ठिकाण कोणत्या दिशेला आहे?

जळगावात हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा, कारण मुंबई-नागपूर रेल्वेमार्ग आणि पूर्वीचा ६ क्रमांकाचा, आताचा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग यांनी गावाच्या पट्ट्या पाडल्या आहेत. ज्यांचे काम औद्योगिक वसाहतीत आहे त्यांना अजिंठा चौफुलीच्या बाजूची अयोध्यानगर किंवा मेहरूणकडची वस्ती सोयीची पडते. विद्यापीठात किंवा बांभोरीच्या महाविद्यालयात रुजू होणाऱ्यांनी गिरणा पुलाकडे जाणाऱ्या बाजूला, म्हणजे खोटेनगर, निमखेडी, पिंप्राळा या भागात पाहावे. त्यांनी महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला घर घेतले, तर आकाशवाणी चौक, प्रभात चौक अशी एकेक चौफुली रोज दोनदा ओलांडावी लागते. या रस्त्यावर अवजड वाहनांची भीती खरी आहे आणि मुलांना सायकलवर पाठवणारे पालक ती जाणून असतात. जिल्हाधिकारी कार्यालय, न्यायालय, बँका किंवा मोठी रुग्णालये येथे काम असेल, तर महाबळ, रामानंदनगर, गणेश कॉलनी, आदर्शनगर हा पट्टा मधला मार्ग ठरतो. त्याला उपनगर म्हणण्याची सवय असली, तरी तो आता शहराचाच भाग झाला आहे, आणि भाडेही त्याच मानाने द्यावे लागते. रेल्वेमार्गापलीकडचे शिवाजीनगर, कानळदा रोड किंवा ममुराबाद रोड या बाजूला भाडे कमी पडते. मात्र तेथे घर पाहायला जाताना दुपारी जाऊ नये, कार्यालय सुटण्याच्या वेळी उड्डाणपुलावरून जावे.

धुळ्यात हीच भूमिका पांझरा नदी बजावते. नदीच्या दक्षिणेला आग्रा रोड, पाच कंदील आणि क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या सरळ गल्ल्यांचे जुने शहर आहे, तर उत्तरेला देवपूर. देवपूर हे नावालाच उपनगर आहे. महाविद्यालये, शिकवण्या, दवाखाने आणि बाजार यांमुळे तेथील पुष्कळ कुटुंबांना आठवडाभर पूल ओलांडण्याची गरज पडत नाही. शिक्षक, प्राध्यापक आणि शिकणारी मुले असलेल्यांनी देवपूर आणि त्यापुढची वलवाडी आधी पाहावी. अवधानच्या औद्योगिक वसाहतीत काम असणाऱ्याने मात्र नदीच्या दक्षिणेलाच राहावे, कारण पांझरेला पूर आला की लहान पूल सर्वांत आधी बंद होतो आणि सगळी वाहतूक उरलेल्या पुलांवर येऊन पडते.

भुसावळची गोष्ट वेगळी आहे. तेथे नोकरीसाठी येणारा माणूस बहुधा रेल्वेचा, आयुध निर्माणीचा किंवा दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राचा असतो, आणि त्याच्यापुढे तिसरा पर्याय असतो तो सरकारी क्वार्टरचा. क्वार्टर घेतले की घरभाडे भत्ता थांबतो, इमारत जुनी निघू शकते, गळक्या छतासाठी अर्ज करत बसावे लागते. हे सगळे मान्य करूनही मी पहिल्या वर्षासाठी क्वार्टरच सुचवीन. पाणी, झाडांची सावली आणि रात्रपाळीच्या माणसाला समजून घेणारे शेजारी खासगी कॉलनीत एकत्र मिळणे कठीण आहे. ज्यांना क्वार्टर मिळत नाही त्यांनी रेल्वेमार्गाच्या उत्तरेला कामाचे ठिकाण आहे की दक्षिणेला, हे पाहूनच यावल रोड किंवा जामनेर रोड निवडावा.

नंदुरबारात निवड सोपी आहे, कारण गाव लहान आहे. जिल्हा परिषद किंवा जिल्हाधिकारी कार्यालयातील कर्मचाऱ्यांना टोकरतलाव रस्त्याकडची नवी वस्ती जवळ पडते, आणि गावात राहिले तरी फारसे बिघडत नाही. अक्कलकुवा, धडगाव येथे नेमणूक असणाऱ्यांनी नंदुरबारहून रोज जाण्याचा बेत करण्यापूर्वी पावसाळ्यातील घाटरस्ता एकदा स्वतः पाहावा. ज्या पदांना मुख्यालयी राहण्याची अट आहे, त्यांनी त्या अटीचाही विचार आधीच केलेला बरा.

येथे अप-डाऊनविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण जळगावात राहून भुसावळला किंवा भुसावळात राहून जळगावला नोकरी करणारी माणसे असंख्य आहेत. अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे, रेल्वेचा मासिक पास स्वस्त आहे आणि पती एका गावी, पत्नी दुसऱ्या गावी नोकरीला असेल तर हाच मार्ग शहाणपणाचा ठरतो. परंतु मग घर स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावरच हवे. वाघनगर किंवा सावखेडा शिवारात बंगला घेऊन तेथून स्थानक गाठायचे, गाडी ठेवायला जागा शोधायची, मग रेल्वे आणि उतरल्यावर पुन्हा रिक्षा, असा क्रम काही आठवड्यांतच नकोसा होतो. धुळे ते जळगाव हे अंतर नव्वद किलोमीटरांच्या आसपास असून त्या दोन गावांत रोजचे जाणेयेणे मी कोणालाच सुचवणार नाही.

पाणी : हा प्रश्न लाजून सोडू नये

घर दाखवणारा एजंट हवा, उजेड, वास्तू आणि शेजार यांविषयी भरभरून बोलतो. पाण्याविषयी मात्र तो "भरपूर आहे" एवढेच म्हणतो, आणि खानदेशात त्या उत्तराला अर्थ नाही. जळगावला वाघूर धरणातून पाणी येते, धुळ्याला तापीवरील योजनेतून आणि नकाणे तलावासारख्या जुन्या स्रोतांतून, नंदुरबारला विरचक धरणातून, तर भुसावळ तापीच्या पात्रावर आणि हतनूरहून सुटणाऱ्या पाण्यावर अवलंबून आहे. धरणात साठा असला म्हणजे नळ रोज येतो, असे मात्र नाही. जलवाहिनी, टाक्या आणि वितरणाचे टप्पे यांवर सगळे ठरते. भुसावळात आणि धुळ्यातील काही भागांत दोन पाळ्यांमधील अंतर आठवड्यापर्यंत किंवा त्याहून पुढे गेलेले उन्हाळे लोकांच्या चांगले स्मरणात आहेत.

म्हणून प्रश्न नेमके विचारावेत. नळ किती दिवसांआड येतो, किती वाजता येतो आणि किती वेळ टिकतो? मे महिन्यात हे अंतर किती वाढते? जमिनीखालची टाकी किती लिटरची आहे, आणि ती एकट्याची आहे की तीन भाडेकरूंत मिळून? बोअर असेल तर ती एप्रिलनंतर चालते का, आणि तिचे पाणी कितपत जड आहे? जड पाण्याने गिझर आणि नळ बुजतात, डाळ शिजत नाही, कुलरच्या जाळ्यांवर पांढरा थर चढतो. ही उत्तरे घरमालकाकडून घेण्याऐवजी शेजारच्या घरातील बाईंकडून घ्यावीत. त्या तुम्हाला टँकरवाल्याचे नावसुद्धा सांगतील, आणि टँकरवाल्याचे नाव सर्वांना तोंडपाठ असणे हीच मोठी माहिती आहे.

पेठेतील जुन्या घरांना येथे एक फायदा असतो. जलवाहिनी जुनी असली तरी नळजोडणी पक्की असते आणि पाळी सहसा ठरलेली असते. दाब कमी असल्यामुळे वरच्या मजल्यावर पाणी चढवावे लागते, एवढाच त्रास. नव्या कॉलनीत टाकी मोठी मिळते, पण महापालिकेची जोडणी आहे की केवळ बोअरवर भागवले जाते, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

ऊन आणि इमारत

जळगाव-भुसावळ पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि हे अपवादाने नव्हे, जवळजवळ दरवर्षी घडते. त्यामुळे येथे मजला आणि दिशा या गोष्टींना भाड्याइतकेच महत्त्व द्यावे. सर्वांत वरच्या मजल्यावरील सदनिका स्वस्त मिळते तेव्हा ती का स्वस्त आहे, ते रात्री अकरा वाजता तापलेल्या स्लॅबखाली झोपल्यावर समजते. पश्चिमेची भिंत उघडी असलेली शयनगृहे टाळावीत. जुन्या पेठेतील घरे एकमेकांना खेटून असल्यामुळे त्यांच्या दोन बाजूंना ऊन लागतच नाही, आणि मातीच्या जाड भिंतींची धाब्याची घरे जेथे टिकून आहेत तेथे दुपार खरोखर सुसह्य असते. त्यांत उजेड कमी आणि उंदीर अधिक, हे मात्र पत्करावे लागते. कॉलनीतील चारही बाजूंनी मोकळ्या घराला हिवाळ्यात आणि पावसाळ्यात तोड नाही. परंतु आजूबाजूला झाडे नसतील तर तेच मोकळेपण मे महिन्यात उलटते.

कोरड्या हवेमुळे कुलर उत्तम चालतो, पण त्याला पाणी लागते, आणि ते नेमके टंचाईच्या दिवसांत लागते. कुलर ठेवण्यासाठी खिडकीबाहेर जागा आहे का, हे पाहून ठेवावे.

हद्द, चिखल आणि वीज

बाहेरच्या कॉलनीत घर पाहताना ते महापालिकेच्या हद्दीत आहे की ग्रामपंचायतीच्या, हे आवर्जून विचारावे. जळगावभोवतीच्या कुसुंबा, सावखेडा, आसोदा या शिवारांत प्लॉट पडत गेले आणि वस्ती सलग झाली, तरी कागदावरील हद्द तेथेच राहिली आहे. घंटागाडी, पथदिवे, गटार आणि रस्ता यांची जबाबदारी त्या हद्दीवरून ठरते. धुळ्यात वलवाडी, अवधान यांसारखी गावे महापालिकेत आली, परंतु हद्दवाढ कागदावर होते तेव्हा गटार लगेच येत नाही, हा अनुभव सर्वच गावांचा आहे.

तापीखोऱ्यातील काळी माती कापसाला आणि केळीला वरदान असली, तरी कच्च्या रस्त्याला ती शाप आहे. उन्हाळ्यात भेगाळलेला, कडक वाटणारा रस्ता जुलैच्या दोन सरींनंतर असा होतो की दुचाकीचे चाक मडगार्डमध्ये अडकून फिरेनासे होते. कॉलनीतील शेवटचे डांबर कोठे संपते आणि घर त्यापासून किती दूर आहे, एवढे पाहिले तरी पुरे. भिंतींना तिरप्या भेगा दिसल्या, तर तोही बहुधा याच मातीचा परिणाम असतो. भाडेकरूने फार घाबरू नये, विकत घेणाऱ्याने मात्र थांबून चौकशी करावी.

विजेचे गणित लोक विसरतात. महावितरण भारनियमन ठरवताना फीडरनिहाय, म्हणजे एकेका भागाला वीज नेणाऱ्या वाहिनीनुसार, गळती आणि वसुली पाहते. त्यामुळे एकाच गावातील दोन भागांत वीज जाण्याचे प्रमाण वेगळे असू शकते, आणि हद्दीबाहेरची कॉलनी गावठाणाच्या फीडरवर असेल तर तिचे वेळापत्रक शहरासारखे नसते. ज्यांना घरून संगणकावर काम करायचे आहे, त्यांनी हा प्रश्न इंटरनेटच्या आधी विचारावा.

पेठेची बाजू

नव्याने येणारे लोक पेठांना नाके मुरडतात, हे मला पटत नाही. जळगावातील नवी पेठ, बळीराम पेठ किंवा जोशी पेठ येथून सराफ बाजार, दाणा बाजार, फुले मार्केट आणि स्थानक सगळे पायी गाठता येते. रात्री औषध लागले तर मिळते, आणि दार बंद दिसले तर दुपारपर्यंत कोणीतरी चौकशीला येते. ज्यांना मोटार आहे त्यांच्यासाठी मात्र पेठ अवघडच, कारण गाडी ठेवण्याची जागा घराबरोबर मिळत नाही. शिवाय सण-मिरवणुकांचा आवाज आणि गर्दी सोसण्याची तयारी हवी. कार्तिकी एकादशीला जुन्या जळगावातून श्रीरामाचा रथ निघतो तेव्हा त्या रस्त्यांवर वाहन नेण्याचा विचारही करू नये. ज्यांना हे सोसवत नाही त्यांनी बाहेर राहावे, आणि ज्यांना यात सामील व्हावेसे वाटते त्यांना कॉलनीत करमणार नाही.

घरमालक आडनाव, आहार आणि गाव विचारतात. हे खेदाचे असले तरी पेठेत आणि कॉलनीत सारखेच घडते. आपल्या घरात मांसाहार शिजतो की नाही, हे आधीच स्पष्ट सांगितले म्हणजे नंतरची कुरकुर टळते.

शाळा

शाळेची बस कोणत्या कॉलनीपर्यंत येते, हे शाळेतूनच विचारावे. घरमालकाच्या शब्दावर विसंबू नये. शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करायचा असेल, तर घर आणि शाळा यांतील अंतर मोजले जाते आणि भाडेकरूला नोंदणीकृत भाडेकरार दाखवावा लागतो, म्हणून येथे घर आधी, शाळा नंतर, असा क्रम चालत नाही.

भाडे आणि करार

केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यासाठी खानदेशातील ही सर्व गावे ‘झेड’ या सर्वांत खालच्या वर्गात मोडतात. सातव्या वेतन आयोगानुसार महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यापासून या वर्गाला मूळ वेतनाच्या १० टक्के दर लागू झाला. नाशिकसारख्या ‘वाय’ वर्गातील शहरातून बदलून येणाऱ्याचा भत्ता त्यामुळे घटतो, आणि महाबळमध्ये राहा की कुसुंब्यात, तो तेवढाच राहतो. म्हणून भाड्याची तुलना करताना पेट्रोल, टँकर आणि शाळेची बस यांचा महिन्याचा खर्च बाहेरच्या घराच्या भाड्यात मिळवून पाहावा. कित्येकदा दोन्ही आकडे जवळजवळ सारखे निघतात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक असून ती जबाबदारी घरमालकाची आहे. लहान गावांत मुद्रांकावर नुसती नोटरी करून भागवण्याची पद्धत असली, तरी तिला बळी पडू नये, कारण खर्च किरकोळ असतो. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि अनामत रकमेवरील वार्षिक १० टक्के आकारणी यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के लागते. समजा दरमहा भाडे ९ हजार, मुदत ११ महिने आणि अनामत ३० हजार असेल, तर हे शुल्क अडीचशे रुपयांच्या आसपास येते. नोंदणी फी शहरी भागात एक हजार आणि ग्रामीण भागात पाचशे रुपये आहे. पाणी न आल्यास टँकरचा खर्च कोणाचा, बोअरचा पंप जळाल्यास दुरुस्ती कोणाची आणि मुदतीपूर्वी बदली झाल्यास किती दिवसांची सूचना द्यायची, ही तीन कलमे छापील मसुद्यात बहुधा नसतात. ती लिहून घ्यावीत.

बदलीचे आदेश पुष्कळदा मे-जूनमध्ये निघतात, त्यामुळे घर पाहण्याची वेळ आपोआप सर्वांत वाईट ऋतूत येते, आणि ते चांगलेच आहे. भर दुपारी एकदा घरात अर्धा तास बसावे, आणि नळ येण्याच्या दिवशी पुन्हा जावे. आवडलेल्या भागात लगेच प्लॉट घेण्याचा आग्रह सहकारी करतील, कारण खानदेशात प्लॉटची चर्चा चहाबरोबरच सुरू होते. पहिले ११ महिने भाड्याने राहून एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाहावा, आणि त्यानंतर घ्यायचाच झाला तर सातबारा उतारा, अकृषिक (बिगरशेती) वापराचा कागद आणि मंजूर अभिन्यासाचा नकाशा हे तिन्ही कागद स्वतःच्या वकिलाकडून तपासून घेतल्याखेरीज इसार देऊ नये.